दाखवायचा माणूस

वर्षातून एकदा टिल्लू केस वाढवायचा. एरवी केस कानावर आले की त्याला चैन पडत नसे, पण तपासणीचा महिना जवळ आला की तो समोरच्या न्हाव्याकडे बघायचाच नाही. न्हावी दुकानाच्या दारात उभा राहून कात्री वाजवायचा आणि विचारायचा, काय राव, सिनेमात काम मिळालं का? टिल्लूच्या तोंडात मूठभर खिळे असायचे. खिळ्यांच्या आडून तो काहीतरी गुरगुरायचा, ते जगात फक्त त्याच्या बायकोला कळायचं. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती सांगायची, "पुढच्या आठवड्यात येतो म्हणतायत. आधी आयांचं होऊ दे."

आया म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लेकरांच्या आया. तिथं लहान मुलांच्या कॅन्सरचा वॉर्ड होता. टिल्लू चार वर्षांचा असताना त्या वॉर्डात दाखल झाला होता. रक्ताचा कॅन्सर, आणि अंगात जीव म्हणावा तर चिमूटभर. सगळ्यांत बारका म्हणून त्याला टिल्लू म्हणायला लागले. पुढं डोक्याला किरणं दिली, तेव्हा उंचीनंही मध्येच हात टेकले. आता तो चौतिशीतला, मिशीवाला, संसारी माणूस झाला होता, तरी नाव बदलायची गरज कुणाला भासली नव्हती.

बरा होऊन घरी निघाला त्या दिवशी त्याच्या आईनं मोठ्या सिस्टरचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, हा दरवर्षी येऊन तुम्हाला तोंड दाखवून जाईल. मोठ्या सिस्टर तेव्हा मोठ्या नव्हत्या, सगळ्यांत धाकट्या होत्या, आणि मुलांपेक्षा जास्त रडायच्या. तेव्हाच्या थोरल्या डॉक्टरांनी मात्र चष्मा काचेवर बोट ठेवून वर ढकलला आणि खाकरून सांगितलं होतं, नुसतं तोंड नको, छातीपण. सलाइनच्या नळीतून सरबतासारखं उतरणारं ते लाल औषध आजाराला मारतं, पण जाता जाता काळजाला ओरखडा काढून जातं. तो ओरखडा कधी उकलेल सांगता येत नाही. पोरगा लग्नाला आल्यावरसुद्धा उकलेल. म्हणून छातीला थंडगार जेल लावून मशीनवर हृदय बघायचं, ते बघत राहायचं, जन्मभर.

आईला दोन्ही पाठ होतं. ती होती तोवर टिल्लूचं तोंडही दाखवलं गेलं आणि छातीही. रांगेत कुणी पुढं घुसू लागलं तर ती फक्त घसा साफ करायची, आणि घुसणारा मागं व्हायचा. मग आई गेली. त्याच्या आसपासच थोरले डॉक्टर निवृत्त झाले. तोंड दाखवायचं तेवढं राहिलं.

दाखवण्याचा कार्यक्रम कसा सुरू झाला ते टिल्लूला लख्ख आठवत होतं. मिसरूड फुटायच्या वयाचा होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर कुणाचा तरी बाप भिंतीला डोकं लावून बसला होता, दोन दिवस पोटात अन्न नाही. मोठ्या सिस्टरनी टिल्लूचं बकोटं धरून त्याला बापापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "हा तुमच्याहून वाईट होता, हं. आता खातो किती विचारा, हं." सिस्टर प्रत्येक वाक्याच्या शेवटी हं लावत. सुई टोचताना हं, दटावताना हं, फोनवर तर हं सोडून बाकीचं ऐकूच येत नसे. त्या बापानं टिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवला, केस मुठीत धरून हलकेच ओढून बघितले, खरे आहेत का म्हणून. मग उठला आणि खाली जाऊन दोन पाव खाऊन आला.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. तपासणीच्या दिवशी टिल्लूनं लिफ्ट घ्यायची नाही. लिफ्टनं आलेल्या माणसात कसली मजा, हं. जिन्यानं दोन-दोन पायऱ्या गाळत धावत यायचं, म्हणजे माणूस दिसायच्या आधी पावलं ऐकू येतात. वर सिस्टर नव्या आई-बापांना गोळा करून उभ्या असत आणि बोट वर करून म्हणत, ऐका, आला. टिल्लू उगवायचा, धापबीप काही नाही, आणि सरळ डोकं पुढं करायचा. बुटका असल्यामुळे फारसं वाकावंही लागत नसे. बायका केस चाचपून बघत. एकीनं जीभ काढायला लावली होती. एकीनं खिशातला कंगवाच मागून घेतला होता, त्यात अडकलेल्या दोन केसांसकट. मग टिल्लू पोरांसाठी नकला करायचा. औषधांच्या गाडीचं रडकं चाक, थोरल्या डॉक्टरांचं खाकरणं, आणि सिस्टरच्या तोंडावर सिस्टरचं हं. पोरं खिदळायची. हसून हसून एखाद्याची टोपी पडायची आणि खालचं तुळतुळीत डोकं दिसायचं, तेव्हा टिल्लू स्वतःच्या केसांकडे बोट दाखवून म्हणायचा, सीझन असतो रे याचा, माझाही गेला होता.

छातीचं मशीन तळमजल्यावर होतं. सगळ्या इस्पितळाला एकच, आणि दुपारपर्यंतच चालायचं. बाहेर बाकावर माणसं ताटकळत असत, त्यांत लहान लेकरंही असत. लेकरं मशीनखाली स्वस्थ पडत नाहीत, म्हणून त्यांना आधी झोपेचं औषध पाजतात. पाजलेलं लेकरू आईच्या खांद्यावर मान टाकतं, पण नंबर यायला उशीर झाला की जागं होतं, आणि मग सगळं मुसळ केरात. टिल्लूचा नंबर आला की शेजारी असं एखादं पेंगुळलेलं लेकरू असायचंच. टिल्लू उठायचा आणि म्हणायचा, "घ्या आधी याला. मी काय, धडधाकट आहे." लेकराची आई डोळ्यांत पाणी आणून बघायची. तेवढ्यात वरून सिस्टरचा निरोप यायचा, टिल्लूला पाठवा, लोक थांबलेत. टिल्लू वर पळायचा. खाली येईपर्यंत मशीनवाले काका कुलूप लावत असत. पुढच्या खेपेला बघू, ते म्हणत, तुझं काय, तू घोडा आहेस. वरच्यांना वाटायचं खाली बघितलं असेल, खालच्यांना वाटायचं वर बघतातच. असं एक वर्ष झालं, दुसरं झालं, आणि मग ती रीतच पडून गेली.

टिल्लूचा धंदा जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवं रूप देण्याचा. एक लांबट खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये उलटे केलेले सोफे पाय वर करून पडलेले. जुनं कापड टराटरा फाडायचं, खालचा काथ्या झटकायचा, सैल पडलेल्या पट्ट्या गुडघा लावून ताणायच्या आणि खिळ्यांनी ठोकायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, वर फोम, वर कापड. कापड बायको शिवायची. लाकडाचं काम सुतारकाकांचं. सुतारकाकांच्या दातांत कायम पेन्सिल असे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून ओठांची अक्षरं हद्दपार झाली होती. बाजू धर म्हणायचं असलं की हाजू धर, पाय तपास म्हणायचं असलं की हाय तहास. तोंडात खिळे असलेला टिल्लू आणि पेन्सिल असलेले सुतारकाका यांचं भांडण लागलं की गिऱ्हाईक दारातच थबकायचं. मशीनवरून बायको दोघांना बजावायची, आधी तोंडं रिकामी करा, मग भांडा.

त्या वर्षी पट्ट्या ताणताना टिल्लूला मध्येच थांबावं लागायला लागलं. आधी तो खिळे थुंकायचा, मग हातोडी ठेवायचा, मग सोफ्यावरच टेकायचा. फोमची धूळ छातीत गेली, तो म्हणायचा. सुतारकाका म्हणत, हाझ्याही छातीत जातो, लाकडाचा हुसा. बायकोनं मात्र बघून ठेवलं होतं. संध्याकाळी त्याला बूट काढायला त्रास व्हायचा, घोट्यावर मोज्याची कडा रुतून बसायची. आणि झोपताना त्याला एका उशीच्या दोन लागायला लागल्या, दोनांच्या तीन. तिसरी तर दुकानातून आणलेला फोमचा तुकडा होता. ती म्हणाली, "अहो, उशांचं दुकान काढताय का? झोपताय की बसताय?" टिल्लूनं तिच्याच आवाजात तेच वाक्य तिला परत करून दाखवलं. ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड एवढंसं झालं.

मग एका गिऱ्हाइकाकडे तीन आसनी सोफा पोचवायला गेले. वरची बाजू सुतारकाकांकडे, खालची टिल्लूकडे. अर्ध्या जिन्यात टिल्लूच्या हातातून सोफा सुटला. आवाजानं घरातली माणसं बाहेर आली. सोफ्याला काही झालं नाही. टिल्लू भिंतीला धरून उभा होता, त्याचे ओठ निळसर दिसत होते. सुतारकाकांनी तोंडातली पेन्सिल काढली. ती त्यांनी क्वचितच काढली असेल. "टिल्लू," ते अगदी स्वच्छ म्हणाले, "ही धूळ नव्हे रे."

त्या रात्री बायकोनं त्याला सांगून टाकलं, या खेपेला आधी छाती दाखवायची, मग तोंड. मी येते सोबत. टिल्लू हो म्हणाला. मनापासून म्हणाला.

आदल्या दिवशी सिस्टरचा फोन आला. उद्या येतोयस ना, हं, या वेळी तुझी फार गरज आहे, हं. एक पोरगी आहे, चार वर्षांची, अगदी तुझंच दुखणं. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. पोरगी औषधाला छान साथ देतेय, पण आईनं कुठंसं ऐकलं की लाल औषधानं पुढं हृदय खराब होतं. तेव्हापासून ती हटून बसलीय. म्हणते, एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकायची असेल तर माझी पोरगी मला द्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी समजावलं, पण ती सामान बांधून बसलीय. उद्यापर्यंत थांब म्हटलंय. एक माणूस दाखवते, तो बघ आणि मग ठरव. तेव्हा तू ये, टिल्लू. धावत ये. तिला बघू दे, लाल औषध घेतलेला माणूस कसा असतो, हं.

टिल्लूनं फोन ठेवला. बायकोला त्यानं अर्धंच सांगितलं, एक आई आहे म्हणून. आधी मशीनवर गेलो आणि काही वाईट निघालं तर? नकला त्याला सगळ्यांच्या यायच्या, पण स्वतःचा चेहरा लपवणं जमायचं नाही. वाईट बातमी पोटात घेऊन तो त्या आईपुढं डोकं कसं पुढं करणार? आधी वर जायचं, धावायचं, पोरगी थांबली की खाली यायचं. छाती इतकी वर्षं थांबली, अर्धा तास थांबेल. एकदाच धावायचंय, त्यानं स्वतःला बजावलं.

सकाळी तळमजल्यावरच्या बाकावर त्यानं बायकोला बसवलं आणि म्हणाला, "तू नंबर धर. मी तोंड दाखवून आलोच."

"काय ठरलं होतं?" ती म्हणाली.

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत," ती म्हणाली, पण तोवर तो जिन्याकडे वळला होता. त्याचे केस मानेवर आले होते. मागून बघितलं तर एखादा शाळकरी मुलगाच वाटत होता.

पहिला मजला त्यानं दोन-दोन पायऱ्यांनी घेतला. वळणावर कठड्याला हात लागला, तो त्यानं मुद्दाम काढून घेतला. पुढच्या जिन्यात एक-एक पायरी झाली. मग पायरीवर पाय ठेवायचा आणि दुसरा पाय शेजारी आणायचा, तसं झालं, म्हातारी माणसं चढतात तसं. वरून सिस्टरचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होत्या, येईलच, हं, पावलं वाजतील बघा. टिल्लूनं ते ऐकलं आणि पायरीवर जोरात पाय आपटला. एकदा. दुसऱ्यांदा आपटायला गेला तेव्हा जिना त्याच्या अंगावर आल्यासारखा झाला, आणि तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालीच बसला. छातीत कुणी ओली गादी कोंबल्यासारखं झालं होतं. तोंड उघडं होतं, पण हवा दारातूनच परत जात होती.

वरून पावलं आली. एक बाई, खांद्यावर टोपी घातलेली पोरगी, हातात फुगलेली पिशवी. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि एका मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. ती त्याच्या पलीकडून जाणार होती, पण थांबली.

"दादा, बरं वाटत नाही का?"

टिल्लूनं हातानंच सांगितलं, बसतो जरा. तिनं पिशवी खाली ठेवली, पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून त्याच्या हातात दिली. इस्पितळात माणसं ओळख नसताना बोलतात तसं ती आपणहून बोलायला लागली. वर जात असाल तर नका जाऊ. मला सकाळपासून ताटकळत ठेवलंय, कुणी बरा झालेला येणार म्हणे. धावत येतो, केस असे, तब्येत म्हणजे घोडा. घोड्याचा अजून पत्ता नाही. असला तर येईल ना. मी निघाले.

टिल्लूला हसू आलं, पण हसण्यापुरता दम नव्हता. तिला जाऊ द्यावं का? ती गेली तर तिला कधीच कळणार नाही की घोडा कोण होता. पण ती गेली तर पोरगीही गेली. त्यानं बाटली परत केली.

"घोडा मीच," तो म्हणाला.

बाई हलली नाही. तिनं त्याचे केस बघितले. मग ओठ. मग छातीवर धरलेला हात. सगळं तिनं सावकाश बघितलं, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे ते खरं आहे," ती म्हणाली. "लाल औषधाचं."

"असेल. अजून तपासलं नाही."

"का नाही तपासलं?"

टिल्लूनं सांगितलं. पेंगुळलेल्या लेकरांना नंबर दिला त्याचं सांगितलं, वरच्या बोलावण्याचं सांगितलं, इतकी वर्षं कशी गेली ते सांगितलं. मनात ते नेहमी चांगलं वाटायचं. तोंडातून बाहेर पडल्यावर अगदी खुळचट वाटलं. बाईला तर रागच आला. तिनं विचारलं, हा मोठेपणा करायला कुणी सांगितला होता तुम्हाला? टिल्लू म्हणाला, कुणी नाही. ती म्हणाली, आणि तुमच्याकडे बघून मी हिच्या अंगात ते सोडू?

आयांना सांगायचं एक भाषण टिल्लूला तोंडपाठ होतं. ते त्यानं शोधलं, पण एकही वाक्य वर येईना. जे आलं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता," तो म्हणाला. मध्ये मध्ये थांबत बोलत होता. "माझंच दुखणं. माझ्याहून दणकट. वॉर्डात धावायचा तो, मी नाही. मी पडून बघायचो. त्याला बरं वाटायला लागलं म्हणून घरच्यांनी मध्येच नेलं. म्हणाले, पोर धावतंय की, आता कशाला औषध."

बाईनं पोरीच्या पाठीवरचा हात घट्ट केला. पोरगी खांद्यावरून वळून टिल्लूकडे बघत होती. तिनं हात लांब करून त्याचे केस धरले आणि हलकेच ओढले.

"वय काय तुमचं?" बाईनं विचारलं.

"चौतीस."

"चौतीस," ती म्हणाली. कापड उजेडात धरून बघतात तसं तिनं ते वय एकदा धरून बघितलं. मग म्हणाली, "लग्न?"

"झालंय. खाली बसलीय. नंबर धरून."

"आणि तुम्ही इथं बसलाय."

तिनं वर तोंड करून सिस्टरना हाक मारली. सिस्टर भराभर उतरल्या, वळणावर आल्या आणि टिल्लूला बघून कठडा धरून थांबल्या. त्यांच्या तोंडून हं आलं नाही. इस्त्रीवालीनं पोरीला खांद्यावरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हिला वर न्या," ती म्हणाली. "मी यांना खाली सोडून येते. यांचा नंबर जाईल."

बाकाजवळ पोचले तेव्हा टिल्लूचं नाव पुकारत होते. बायको उभी राहिली होती. तिनं टिल्लूकडे बघितलं, त्याला दंडाला धरून आणणाऱ्या परक्या बाईकडे बघितलं, आणि त्याचा दुसरा दंड धरला. बाकाच्या टोकाला एक बाप पेंगुळलेलं मूल घेऊन बसला होता. टिल्लूनं सवयीनं तोंड उघडलं, आधी यांना, म्हणायला. दोन्ही बायकांनी त्याला एकाच वेळी आत ढकललं.

डॉक्टरीणबाईंना प्रत्येक वाक्याआधी म्हणजे कसं आहे म्हणायची सवय होती. त्या दिवशी त्या तीन वेळा म्हणजे कसं आहे म्हणाल्या आणि पुढचं वाक्य सापडेना. हृदय थकलंय. निम्म्याहून कमी जोरानं चालतंय. गोळ्या आहेत, त्यांनी तग धरेल, पण जे सैल पडलं ते परत ताणलं जाणार नाही. पट्ट्यांचं ताणकाम बंद, ओझी बंद, जिने बंद. बायकोनं विचारलं, आधी कळलं असतं तर? बाईंनी कागदावर उगाच रेघ ओढली आणि म्हणाल्या, आधी कळलं असतं तर गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या.

मोठ्या सिस्टर दाराशी उभ्या होत्या. सगळे बाहेर निघाले तेव्हा त्या टिल्लूच्या शर्टाची कॉलर उगाचच सारखी करत राहिल्या. "दरवर्षी बघत होते रे मी तुला," त्या म्हणाल्या. "दरवर्षी."

टिल्लूनं त्यांची नक्कल करायला तोंड उघडलं, हं म्हणणार होता. मग ते तसंच मिटून घेतलं.

त्यानंतरची वर्षं टिल्लू खुर्चीवर बसून काम करायचा. पट्ट्या बायको ताणायची, गुडघा लावून, दात आवळून, आणि आता खिळे तिच्या तोंडात असायचे. टिल्लूकडे बटणं आली. गादीच्या पाठीत लांब सुई घालायची, दोरा ओढून बटण खोल बसवायचं, मागं गाठ मारायची. सुतारकाका म्हणत, हायकी काह, म्हणजे बायकी काम. बायको गुरगुरायची, आणि आता त्याला तिचं कळायचं. कमालच होती. इतकी वर्षं तिला त्याचं कसं कळायचं ते त्याला कधी उमगलं नव्हतं.

तपासणीला तो जायचा, लिफ्टनं, आणि आधी छाती. तिसऱ्या मजल्यावर जायला सिस्टरनी पुन्हा कधी सांगितलं नाही. तो आपणहून जायचा. पावलं वाजत नसत, तो एकदम दारात उगवायचा आणि बाकावर टेकून दोन्ही सांगायचा, औषधानं काय दिलं ते आणि काय नेलं ते. सगळ्या आयांना तो आवडायचा नाही. एकीनं मुलाचं तोंड भिंतीकडे फिरवलं, जणू दुखणं टिल्लूच्या अंगावरून उडी मारेल. केसांना आता फारसं कुणी हात लावत नसे. तरी तो तपासणीआधी केस वाढवायचा. न्हावीही कात्री वाजवत नसे. इस्त्रीवालीची पोरगी औषधं संपवून घरी गेली. तिची आई दरवर्षी तिला घेऊन यायची, टिल्लूच्या शर्टाकडे बघून नाक मुरडायची आणि म्हणायची, दादा, इस्त्री कुणी केलीय, बैलानं?

टिल्लू गेला तो एका साध्या कामाच्या सकाळी. एका उंच पाठीच्या खुर्चीची बटणं लावत होता. बायको चहाचे कप घेऊन आली तर सुई खुर्चीच्या पाठीतून अर्धी बाहेर आणि टिल्लूचं कपाळ कापडाला टेकलेलं. तिला आधी वाटलं, मागची गाठ शोधतोय. तिनं कप ठेवले आणि म्हणाली, सापडली का? उत्तर आलं नाही. ती खुर्ची नंतर तिनं पुरी केली नाही. गिऱ्हाइकानं तशीच नेली. एक बटण नसलं तर काय बिघडतं, वहिनी, म्हणाला, आणि डोळे पुसत त्यानं ती स्वतःच उचलून नेली.

इस्त्रीवालीला ते पुढच्या तपासणीला कळलं, मोठ्या सिस्टरकडून. त्या निवृत्तीला आल्या होत्या. ती ऐकून उठली. पोरीला घेऊन तळमजल्यावर छातीच्या मशीनबाहेरच्या बाकावर येऊन बसली. पोरगी आता चांगली उंच झाली होती, दोन वेण्या घालत होती. शेजारी एक बाई होती आणि तिच्या मांडीवर टोपी घातलेलं बारकं पोर, झोपेचं औषध पाजलेलं. नंबर लांबला होता. पोराच्या पापण्या थरथरत होत्या, ते जागं व्हायला आलं होतं, आणि त्याची आई त्याला थोपटत दाराकडे बघत होती, मग पोरीकडे, मग पुन्हा दाराकडे.

दार उघडलं आणि पोरीचं नाव पुकारलं. पोरगी उठली. तिनं त्या बारक्या पोराकडे बघितलं आणि म्हणाली, आई, आधी याला जाऊ दे ना. मला काय झालंय.

इस्त्रीवालीनं तिचं मनगट धरलं. शेजारची बाई आशेनं बघत होती. पोर जागं झालं आणि रडायला लागलं.

"आत चल," इस्त्रीवाली म्हणाली. तिनं त्या बाईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात सुटला असता. तिनं पोरीला दारातून आत नेलं, आणि जेल थंड लागतं म्हणून पोरगी कुरकुरली तरी मनगट सोडलं नाही.